उकळून गार केलेलं पाणी

मंगळवार, ४ मार्च

ही डायरी मशीनचं तापमान लिहून ठेवायला आणली होती. पहिल्याच पानावर माझं तापमान लिहायची वेळ आली. दिवसभर ओली होऊन काम केलं आणि शेवटी आईवर ओरडले.

मशीन म्हणजे माझा कॉम्प्युटर. मी स्वतः जुळवलेला. न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवायच्या म्हणजे तो तासन्‌तास तापतो, म्हणून त्याच्यातून पाणी फिरवलंय. पंप, पारदर्शक टाकी, मऊ नळ्या, प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा तांब्याचा ठोकळा आणि पंखे लावलेला रेडिएटर. सगळं पेटीत मावेना, म्हणून टाकी आणि रेडिएटर एका फळीवर स्क्रूने आवळून टेबलाशेजारी मांडलेत. दिसायला गबाळं आहे, पण पेटी बंद करून आतल्या आत उकडत बसणाऱ्या कॉम्प्युटरांपेक्षा बरं.

वर्षभर टाळलेलं काम आज केलं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातलं बूच काढून जुनं पाणी सोडलं, ठोकळा उघडून घासला, नळ्या धुतल्या, नवं निळं द्रावण भरलं. बुचाची रबरी रिंग जरा चपटी झाली होती. दुसरी नव्हती. पुसून तीच परत बसवली आणि बूच चांगलं दातओठ खाऊन आवळलं.

मधेच आई फडकं घेऊन आली. जमिनीवर वायरी, त्यात पाणी, त्यात मी.

"पेशंटची आंघोळ चाललीय का?" आई जन्मभर हॉस्पिटलात सिस्टर होती. नळ्या लावलेलं काहीही तिच्या लेखी पेशंटच.

"कशालाही हात लावू नकोस! एक थेंब चुकीच्या जागी पडला तर सगळं संपेल."

ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. मी लांबूनच बघते."

आता वाईट वाटतंय. पण तिनेही वेळ बघून यावं ना.

गुरुवार, ६ मार्च

तापमान एकदम झकास. साठच्या वर जातच नाही. निळी टाकी उजेडात इतकी सुंदर दिसते की काम सोडून बघत बसते.

दादाचा फोन. आईची चौकशी कमी, माझी उलटतपासणी जास्त. "घरून काम जमतंय का तुला? की परत ऑफिस धरायचं?" आई तिच्या घरी बाथरूममध्ये पडली, शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली, तेव्हा ठरलं की ती आता एकटी राहणार नाही. दादाकडे जायला तिचं मन नाही. तिथे तिला सोफ्यावर बसवतात आणि पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. वहिनीचं प्रेमच ते, पण आई म्हणते, "मला तिथे पाहुणीसारखं वाटतं." म्हणून मी ऑफिस सोडलं आणि तिला इथे आणलं. दादाची अट एकच: मार्चअखेर माझं बस्तान बसलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मी ऑफिसात परत, आणि आई त्याच्या सोफ्यावर.

बस्तान म्हणजे आर्किटेक्टबाईंची फिल्म. पहिलं स्वतःचं काम. अठ्ठावीस तारखेला द्यायची. तर सगळा संसार या फळीवरच्या टाकीवर उभा आहे, आणि हे दादाला सांगितलं तर तो हसेल.

आईने रेडिएटरखाली सुती कापडाची जाड घडी ठेवलीय. विचारलं तर म्हणाली, "असू दे." पंख्यांच्या थरथरीने फळी वाजते, तिची झोप मोडत असणार. घडी मात्र काय सुरेख घातलीय, कोपऱ्याला कोपरा. राहू दिली.

रविवार, ९ मार्च

निळा रंग फिका पडलाय. आधी वाटलं डोळ्यांचा दोष. मोबाईलमधला मंगळवारचा फोटो लावून बघितला. दोष डोळ्यांचा नाही.

हे द्रावण म्हणे वर्षभर टिकतं. बाटलीवर लिहिलंय. बाटलीवर हसणाऱ्या थेंबाचं चित्र पण आहे. त्या थेंबाला मी एकदा बघून घेईन.

निदान पातळी जागेवर आहे, टाकीवरच्या रेघेला अगदी चिकटून. म्हणजे गळती नाही. एवढं तरी माझ्या हातून धड झालं.

आई पहाटेच उठते, ड्यूटीची सवय जात नाही. मी उठते तेव्हा तिचं सगळं आवरलेलं असतं आणि ओट्यावर झाकण ठेवलेलं पातेलं असतं. उकळून गार केलेलं पाणी. आपल्याकडे फिल्टर आहे गं, असं कितीदा सांगितलं. "असू दे, काही पेशंटना लागतं," म्हणते. घरात आम्ही दोघीच. मला पेशंट समजते की स्वतःला, देव जाणे.

गुरुवार, १३ मार्च

तापमान पंचाहत्तर. टाकीच्या काचेवर आतून धुरकट पापुद्रा. निळा आता निळा राहिलेला नाही, धुतलेल्या शर्टातून उतरतो तसला काहीतरी रंग आहे.

इंटरनेटवर वाचत बसले. एक म्हणतो नळ्यांचं प्लास्टिक पाण्यात उतरतं. एक म्हणतो शेवाळ. एक म्हणतो दोन वेगळे धातू एकत्र आले की असं होतं. एक म्हणतो, पाणी वापरताच कशाला. या शेवटच्याला घरात कोणी विचारत नसणार.

सकाळच्या चहात खडा लागला. किटली उघडून बघितली तर तळाला पांढरा थर, खपल्या सुटल्यात. आमच्या नळाचं पाणी म्हणजे खडूच. आईला म्हटलं व्हिनेगर घालून उकळ, साफ होईल. ती म्हणाली, "व्हिनेगर तू तुझ्या मशीनला नेलंस ना." खरंच नेलं होतं. पुढच्या धुण्यासाठी.

शुक्रवार, १४ मार्च

दुकानात गेले. या दुकानदाराला आम्ही सगळे गिऱ्हाईक 'नोप्रॉब्लेम' म्हणतो, कारण काहीही जळालं, फुटलं, गळलं तरी त्याचं उत्तर तेच असतं.

टाकीतला नमुना बाटलीत भरून नेला होता. त्याने बाटली उजेडात धरली, हलवली, तळाशी बसलेली पांढरी कणी बघितली.

"मॅडम, पाण्यात बाहेरचं काहीतरी पडतंय."

"बाहेरचं काय पडणार? टाकीला झाकण आहे."

"मग झाकण उघडत असेल कुणीतरी."

"घरात मी आणि माझी आई. ती मशीनपासून लांब असते."

"नो प्रॉब्लेम," म्हणाला आणि नवीन द्रावण, नवीन नळ्या बांधून दिल्या. असा पारा चढला! स्वतःचा माल खराब, आणि दोष माझ्या घरच्यांना. बुचाची रिंगही विचारायची होती, ती रागारागात विसरलेच.

रविवार, १६ मार्च

दुसरं धुणं. अख्खा रविवार त्यात.

ठोकळा उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. आत तांब्याच्या पट्ट्या असतात, केसांच्या फणीपेक्षाही बारीक, त्यांच्या फटींतून पाणी जातं. सगळ्या फटी पांढऱ्या खपल्यांनी बुजल्यात. सुईने एकेक काढली. मग व्हिनेगरमध्ये भिजवलं, मग बाटलीतल्या शुद्ध पाण्याने धुतलं, परत धुतलं. घरभर लोणच्याच्या बरणीसारखा वास.

नळ्या बदलल्या. द्रावण बदललं. बूच तेच, रिंग तीच, पुन्हा आवळलं. रेडिएटरखालच्या कापडावर निळे डाग दिसले, पाणी सोडताना माझ्याच हातून सांडलं असणार. आईने घडी न विचारता बदलली.

ती दारातून बघत होती. "एवढं कशाने होतं गं?"

"माहीत असतं तर अशी बसले असते का सुई घेऊन?"

"नाही, म्हणजे स्वच्छ पाणी असलं तरी होतं का?"

"आई, प्लीज. आत्ता नको."

ती आत गेली. मागाहून मनात आलं, निदान कोणीतरी विचारलं. दादाने कधी विचारलंय का ठोकळा म्हणजे काय?

बुधवार, १९ मार्च

पुन्हा फिकट. तीनच दिवसांत! पुन्हा तीच कणी तरंगतेय.

मी हात टेकले. नळ्या नव्या, द्रावण नवं, ठोकळा आरशासारखा केला होता. म्हणजे दोष माझ्यातच आहे. जे लोक दुकानातून तयार मशीन आणतात आणि सुखाने झोपतात ते शहाणे. मी स्वतः जुळवलं कारण मला दाखवायचं होतं की मला जमतं. कोणाला दाखवायचं होतं कोण जाणे. आईला तर पहिल्या दिवसापासून वाटतं की मला सगळं जमतं, तिला दाखवायची गरज नव्हती.

आर्किटेक्टबाईंनी जिन्याचा रंग बदलायला सांगितला. म्हणजे अर्धी फिल्म परत.

गुरुवार, २० मार्च

रागातच लिहायला बसलेय.

फिल्म अर्ध्यावर असताना मशीन बंद पडलं. तापून. मी सोफ्यावर डोळा लागून पडले होते, त्या शांततेनेच जाग आली. उजाडत होतं. बघते तर आई मशीनपाशी वाकून उभी, हातात कप.

मी जी ओरडले! "कप घेऊन इथे? इथे? एवढ्या घरात तुला दुसरी जागा सापडली नाही?"

ती दचकली, पाणी तिच्याच गाऊनवर सांडलं. चहासुद्धा नव्हता, नुसतं पाणी. पाणी प्यायला हीच जागा सापडली तिला!

"अगं, ते खाली..." ती काहीतरी सांगायला लागली.

"काही सांगू नकोस. मला शांतपणे काम करू दे, एवढं कर. कशालाही हात लावू नकोस, कशाकडे बघूही नकोस. माझं काम गेलं ना, तर तुलाच दादाकडे जावं लागेल, कळतंय का?"

तिने कप ओट्यावर ठेवला. उपडा. हॉस्पिटलात काम संपल्यावर ठेवत असेल तसा. मग जाऊन गाऊन बदलला आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

मशीन गार होऊ दिलं आणि टेबलफॅन त्याच्यासमोर लावून परत सुरू केलं. आता फिल्म निम्म्या वेगाने चाललीय. मी बरोबरच बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

शनिवार, २२ मार्च

आई दादाकडे गेली.

त्याने नेली नाही, तीच गेली. काल तिनेच त्याला फोन केला होता. मला आज सकाळी दादा दारात दिसल्यावर कळलं. तिची पिशवी भरून तयार.

"महिनाअखेर तरी थांब," मी म्हटलं.

"तुझं काम होऊ दे. माझी मधे मधे लुडबुड नको."

"मी रागात बोलले गं."

"ते कळतं मला. डॉक्टर काय कमी ओरडायचे?" हसली. चपला घालता घालता थांबली, टेबलाकडे बघितलं, पण जवळ गेली नाही. "सकाळी उठलीस की पेशंटकडे एकदा बघत जा. आधी तो, मग चहा."

हा टोमणा होता. निघतानासुद्धा. दादा गाडीची चावी बोटावर फिरवत होता, आणि तो जे म्हणत होता तेच झालं, असा चेहरा.

ऐन मोक्याच्या वेळी सोडून गेली. घर इतकं मोकळं झालंय की पंख्यांचा आवाज दुप्पट वाटतो. ओट्यावर पातेलं नाही.

सोमवार, २४ मार्च

एक गंमत. रंग फिका पडायचा थांबलाय. परवापासून आहे तसाच आहे. मी काहीच केलं नाही तरी. आता या मशीनला काय म्हणावं?

फिल्म चालू आहे. टाकीकडे नीट बघायला वेळ नाही, डोळे पडद्यावरच.

मंगळवार, २५ मार्च

सकाळी आवाजाने उठले. पंप किंचाळत होता, डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. टाकी जवळजवळ रिकामी. तळाला बोटभर पाणी, त्यात बुडबुडे. मी झडप घालून बटण बंद केलं.

तोंडचं पाणी पळालं. पाणी गेलं कुठे? टेबल कोरडं. पेटी कोरडी. मग पायाला ओलं लागलं. रेडिएटरखालची कापडाची घडी. ती आई गेल्यापासून कोणी बदलली नव्हती. उचलली तर पिळून पाणी गळावं इतकी भिजलेली, कडेला फिक्कट निळी किनार. बुचाखाली बोट धरलं. बराच वेळ काही नाही. मग एक थेंब बोटावर आला. थोड्या वेळाने दुसरा.

ती चपटी रिंग. मीच बसवलेली. म्हणजे हे पहिल्या धुण्यापासून गळतंय.

मग वाटलं, मग पातळी रोज रेघेवर कशी होती?

मी तिथेच जमिनीवर बसले, हातात ते ओलं कापड घेऊन. कोपऱ्याला कोपरा. रोज नवी घडी. पहाटेचं पातेलं. किटलीतल्या खपल्या. गुरुवारचा तो कप. अगं, ते खाली...

ती गळतंय हेच सांगत होती.

तिने माझी टाकी रोज भरली. पाणी उकळायची, म्हणजे जंतू मरतील, गार करायची, म्हणजे पेशंटला बाधणार नाही. माणसासाठी याहून चांगलं पाणी नाही. त्यातला खडू मात्र उकळून जात नाही, तो माझ्या ठोकळ्यात जाऊन बसला. तिच्या पाण्याने मशीन तापलं, आणि तिच्याच पाण्याने ते चाललं. ती नसती तर पहिल्याच आठवड्यात पंप जळला असता. आणि मी तिला म्हटलं, कशाकडे बघूही नकोस. तिने ऐकलं.

फोन हातात घेतला आणि ठेवला. नोप्रॉब्लेमकडे जाऊन रिंग आणली. मूठभर आणल्या. "कोण उघडत होतं झाकण?" त्याने विचारलं. मी सांगितलं नाही.

बुधवार, २६ मार्च

तिसरं धुणं झालं. नवी रिंग. बुचाखाली कोरडं कापड ठेवलं आणि तासभर नुसती बघत बसले. कोरडंच राहिलं. फिल्म सुरू केली, तापमान साठ, वेग पूर्ण. उद्या संध्याकाळपर्यंत होईल. हे सगळं झाल्यावर फोन केला, आधी हिंमत झाली नाही.

वहिनीने आईला दिला. मागे टीव्हीचा आवाज.

"हॅलो, आई."

अगदी हळू आवाजात, "गेला का गं पेशंट?"

मी तिला ओरडेन म्हणून घाबरली होती.

"नाही गेला. आहे. तू पाणी घालत होतीस?"

"उकळून गार केलेलं, हं. साधं नाही घातलं." घाईघाईने. "खालून थेंब येत होता. सलाइनची बाटली रिकामी पडू द्यायची नसते गं, हवा जाते आत. चुकलं का माझं?"

"मला सांगायचं ना, आई."

"सांगणारच होते. तू झोपलेली असायचीस. आणि जागी असलीस की..." ती तिथेच थांबली. पुढचं मला ठाऊक होतं.

मी रडले. फोनवर. ती "अगं, अगं" करत राहिली आणि मागे कुणीतरी टीव्ही बारीक केला. मी तिला सांगितलं की रिंग माझी खराब होती. सांगितलं की उकळलं तरी पाण्यातला खडू जात नाही, म्हणून दुकानातलं शुद्ध पाणी लागतं, कॅन आणून ठेवलाय. ती मन लावून ऐकत होती. "म्हणजे त्याला डिस्टिल्ड लागतं," म्हणाली. "इंजेक्शनला वापरायचो तसलं. मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तू ये," मी म्हटलं. "परत ये. मला एकटीला नाही जमत हे."

"तुझं काम..."

"कामासाठीच म्हणतेय. टाकीवर कुणाची तरी नजर हवी. माझं लक्ष पडद्यावर असतं, मला थेंब दिसत नाहीत. ड्यूटी लावतेय तुझी."

तिकडे सोफ्यावरून कोणी उठावं तसा आवाज आला, आणि आईने वॉर्डात विचारत असेल तशा आवाजात विचारलं, "सकाळची की रात्रीची?"

"पहाटेची. मला उठवायचं. थेंब दिसला की लगेच उठवायचं, मी कितीही ओरडले तरी."

"बरं. मग आता पेशंटचं सांग. नीट, पहिल्यापासून."

मी टाकीसमोर मांडी घालून बसले आणि सांगितलं. तापमान, पातळी, रंग, खालचं कापड कोरडं आहे ते. ती प्रत्येकाला "हं" म्हणत होती. शेवटी फोन बाजूला धरून तिने दादाला हाक मारली आणि गाडी काढायला सांगितली.